टॉवेलच्या गावातली काळी गाडी

(दृश्य: सकाळ. जुळे सोलापुरातली एक सोसायटी. पार्किंगच्या पत्र्याखाली काळी गाडी.)

पत्र्याखाली उभी आहे तोवर ही गाडी नवी दिसते. काळीभोर. समोरच्या गुलमोहोराची फांदी बॉनेटमध्ये उतरलीय, पानं मोजावीत इतकी स्वच्छ. गाडीचं वय सात वर्षं, पण सांगितल्याशिवाय कळणार नाही.

आता ती दहा फूट पुढे घेऊ. उन्हात.

(दृश्य: बॉनेटवर सूर्याचं प्रतिबिंब. कॅमेरा हळूहळू जवळ.)

दिसलं? सूर्य जिथे पडलाय त्याच्याभोवती बारीक पांढऱ्या रेघांची गोल गोल वेटोळी. कोळ्यानं रात्रभर बसून विणल्यासारखी. डिटेलिंगवाले, म्हणजे गाडी बारकाईनं धुऊन-घासून चमकवणारे, याला स्वर्ल मार्क म्हणतात. गॅरेजमधली पोरं सरळ म्हणतात, "मालक, जाळं आलंय ओ गाडीला." मीही जाळंच म्हणणार आहे.

गाडी माझी आहे. जाळं कुणी विणलं याचा तपास आपण करणार आहोत, आणि गुन्हेगार घरातलाच निघतो हे आधीच सांगून टाकतो.

(दृश्य: स्वयंपाकघर. बल्बखाली धरलेलं स्टीलचं ताट.)

गाडी नसेल तर हे ताटावर बघा. रोज घासून घासून मुरलेलं स्टीलचं ताट बल्बखाली धरा. तेच जाळं. वाटतं, घासणी गोल फिरते म्हणून रेघा गोल. आता ताट थोडं सरकवा. वर्तुळाचं केंद्रही सरकलं, बल्बच्या प्रतिबिंबाबरोबर! ओरखडे तर जागचे हलत नाहीत. मग हललं काय?

ओरखडे असतात सगळ्या दिशांना, कसेही, एकमेकांत गुंतलेले. त्यातले जे उजेडाच्या वाटेत आडवे पडतात तेवढेच चमकतात, बाकीचे त्या क्षणी दिसत नाहीत. चमकणाऱ्यांची मिळून वर्तुळं होतात. म्हणजे गोल आकार रंगावर नसतोच, तो दिव्याच्या आणि आपल्या डोळ्याच्या जागेवरून ठरतो. म्हणून 'गाडी गोल पुसू नका, सरळ पुसा' हा सल्ला अर्धाच खरा आहे. सरळ पुसलं तरी ओरखडा पडतोच, फक्त तो एखाद्याच कोनातून दिसतो.

आणि काळ्याच गाडीला का? तर जाळं पांढरीलाही असतं. पांढरा रंग स्वतःच चहूकडे उजेड फेकतो, त्या लखलखाटात ओरखड्याची चमक हरवून जाते. काळा रंग उजेड गिळतो, त्यामुळे प्रत्येक रेघ फळ्यावर खडूनं ओढल्यासारखी उठते. आपल्याकडे काळी गाडी म्हणजे रुबाब. लग्नात, निवडणुकीत, गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत काळी स्कॉर्पिओ आली की लोक वाट देतात. दुपारी बारा वाजता तिच्या बॉनेटकडे बघायचं नाही, एवढाच नियम.

(दृश्य: रंगाच्या थरांचं साधं रेखाचित्र.)

कंपनीतून आलेल्या गाडीवर पत्र्याला गंजापासून वाचवणारा थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअरकोट असतो. सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यात क्लिअरकोट ३५ ते ५०. आपल्या डोक्याचा केस धरा ७० मायक्रॉनचा, म्हणजे ज्या थरावर गाडीची सगळी चकाकी उभी आहे तो केसाहूनही पातळ. जाळं याच थरात असतं, आणि तेही वरवर. खालच्या काळ्या रंगाला सहसा धक्काही लागलेला नसतो.

या थराला ओरबाडतं कोण? धूळ. वाळूतला क्वार्ट्झ खनिजांच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर ७ वर बसतो, सुरीचं पातं साडेपाचच्या आसपास. तेव्हा आपल्या बॉनेटवर बसलेली धूळ म्हणजे सुरीहून कठीण कणांची पेरणी आहे. सोलापूरला धुळीची काय वाण? उन्हाळ्यात रिकाम्या प्लॉटवरून वावटळ उठते, कुठे ना कुठे रस्ता खोदलेला असतो, बांधकामाची वाळू रस्त्यावरच पडलेली असते. पण नुसती बसलेली धूळ काहीच करत नाही. ती चालायला लागते ती कुणीतरी तिच्यावर फडकं दाबून फिरवल्यावर.

ते फडकं म्हणजे टॉवेल. कुठला? आपलाच.

(दृश्य: यंत्रमागाचा कारखाना. खडखडाट. टॉवेलचा ताणा.)

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. टेरी टॉवेल विणताना उभ्या धाग्यांचे दोन बीम असतात. एक ताणलेला, कापडाचा पाया धरणारा. दुसरा सैल सोडलेला. आडवे दोन धागे थोडे अलीकडेच थांबवतात, तिसरा आला की फणी तिघांना मिळून पुढे ठोकते, आणि सैल धागा वर उचलला जाऊन त्याचा लूप होतो. याच लूपमुळे टॉवेल पाणी पितो.

मागावरच्या काकांना मी म्हटलं, "काका, तुमच्या टॉवेलनं गाडीला ओरखडे पडतात म्हणतात."

त्यांनी माग थांबवला नाही. आवाज चढवून म्हणाले, "आं? बाळाचं अंग पुसायला चालतोय, अन् गाडीला टोचतोय व्हय?"

काकांचं बरोबर आहे. सूत क्लिअरकोटपेक्षा मऊच. पण जो लूप पाणी धरतो तोच वाळूचा कणही धरतो, आणि धरून ठेवतो. त्यात शिवलेली किनार असते, ती कडक. शिवाय टॉवेल गाडीपर्यंत पोचतो कोणत्या वयात, हेही बघा. आमच्या घरात टॉवेलला निवृत्ती नाही. आधी अंग पुसतो, मग ओटा, मग पायपुसणं होतो, आणि पायपुसणं म्हणूनही नालायक ठरला की आई म्हणते, "गाडीला घे."

(दृश्य: पहाट. एक बादली, एक फडकं.)

दुसरा साथीदार म्हणजे बादली. उजनी धरणाचं पाणी आपल्या नळाला रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. साठवलेल्या पाण्यातून गाडीच्या वाट्याला अर्धी बादली येते. फडकं बुडवलं, टप पुसलं, पुन्हा बुडवलं, दारं पुसली, पुन्हा बुडवलं, चाकं पुसली. बादलीच्या तळाशी तोवर चिखल. त्याच बादलीत बुडवलेलं फडकं शेवटचा हात म्हणून बॉनेटवर फिरतं! सकाळी गाड्या पुसणाऱ्या पोराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला तेवढ्याच पाण्यात अख्खी सोसायटी उरकायची असते. आणि रविवारी मी स्वतः वेगळं काय करत होतो?

मधल्या काळात मी एक उपायही करून बघितला. घरात लग्न होतं, म्हणून एका दुकानात गाडीला 'रबिंग-पॉलिश' करून घेतलं. संध्याकाळी गाडी आरशासारखी. पैसे आनंदानं दिले. दोन पाऊस झाले आणि जाळं परत जागेवर. वर एक नवीन भर, रात्री दिव्याखाली इंद्रधनुषी पट्टे. नंतर कळलं ते असं: काही पॉलिशमध्ये तेलं आणि भरण असतं, ते ओरखड्यांत बसतं आणि धुतलं की निघून जातं. म्हणजे जाळं काढलं नव्हतं, लिंपलं होतं. आणि ते पट्टे म्हणजे होलोग्राम, गोल फिरणारं यंत्र लोकरीच्या पॅडनं घाईघाईत चालवल्याची खूण.

(दृश्य: होटगी रोडकडचं एक डिटेलिंगचं दुकान. शटर अर्धं खाली. आत पांढरे दिवे.)

इथला कारागीर पंचविशीतला. गाडी आत घेतल्यावर अर्धा दिवस त्यानं पॉलिशला हातच लावला नाही. आधी पाण्याचा फवारा, मग फेस, मग धुणं. त्यानंतर ओल्या पत्र्यावर क्ले. हा मातीसारखा मऊ गोळा रंगात रुतून बसलेले कण उचलतो. तळहात फिरवून पाहिलं तर आधी खरखर लागत होती, आता काचेसारखं. मग त्यानं काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर आणि पत्र्याच्या धारांवर टेप लावली. धारेवर क्लिअरकोट सगळ्यात पातळ असतो, तिथेच यंत्र आधी खातं.

मग थर मोजायचं यंत्र निघालं. टप ११८ मायक्रॉन. बॉनेट ११२. डावं मागचं दार... २६४.

तो माझ्याकडे बघून हसला. "मालक, गाडी सेकंडहँड घेतली काय?"

घेतलीय. एवढा जाड थर म्हणजे ते दार नंतर पुन्हा रंगवलेलं. विकणाऱ्यानं शपथेवर सांगितलं होतं, एकही टचअप नाही.

(दृश्य: यंत्र, फोमचा पॅड, बॉनेटचा दोन फुटी चौकोन.)

पुढचं काम बघण्यासारखं आहे, कारण ते कंटाळवाणं आहे. त्यानं घेतलेलं यंत्र ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे पॅड स्वतःभोवती फिरतो आणि फिरता फिरता डगमगतोही. त्यामुळे रंग कमी तापतो आणि होलोग्राम सहसा उठत नाहीत. सुरुवात सगळ्यात सौम्य जोडीनं, मऊ फोम आणि बारीक पॉलिश. बॉनेटच्या एका कोपऱ्यात दोन फुटांचा चौकोन, हळूहळू आडवं, मग उभं, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर निम्मी चढवून. पुसलं, टॉर्च मारला. जाळं विरळ झालं, गेलं नाही. मग थोडा कडक पॅड. पुन्हा तेवढाच चौकोन. या वेळी साफ. जोडी ठरली, मगच अख्ख्या गाडीला सुरुवात. थेट जाडं कंपाऊंड घेतलं असतं तर काम तासाभरात उरकलं असतं, पण क्लिअरकोट विनाकारण जास्त गेला असता.

जाळं जातं म्हणजे नेमकं काय होतं? ओरखडा भरून येत नाही. त्याच्या आजूबाजूचा क्लिअरकोट ओरखड्याच्या तळापर्यंत घासून सपाट केला जातो. दरी बुजवत नाहीत, डोंगर उतरवतात. प्रत्येक वेळी एखाद-दोन, फार तर तीन मायक्रॉन. ऐकायला कमी वाटतं. पण हा थर परत येत नाही, आणि ऊन झेलायचं कामही त्यालाच करायचं असतं. जुन्या गाड्यांच्या टपावरून पांढरे पापुद्रे निघालेले तुम्ही पाहिले असतील, तो संपलेला क्लिअरकोट.

प्रत्येक चौकोनानंतर त्यानं आयसोप्रोपिल अल्कोहोलचं पाणी मारून पुसलं. लिंपलेलं काही असेल तर ते निघून खरी स्थिती दिसावी म्हणून. दारावरच्या एका लांब ओरखड्यावरून त्यानं नख फिरवलं आणि मान हलवली. "नख अडकलं की सोडून द्यायचं मालक. त्याच्या मागं लागलात की क्लिअरच संपतोय." तो ओरखडा अजून आहे. पाच फुटांवरून दिसत नाही.

(दृश्य: उन्हात गाडी. सूर्याचं प्रतिबिंब, भोवती फक्त काळं.)

आता हे टिकवायचं कसं? एकच गोष्ट पक्की धरायची: कोरड्या धुळीला हात लावायचा नाही. फडकं नाही, डस्टर नाही, आणि शेजारच्या पोरांनी काचेवर सुरू करून बॉनेटवर संपवलेलं स्वतःचं नावही नाही. बोटानं लिहिलेलं ते नाव गाडी धुतल्यावरही उन्हात वाचता येतं, मी वाचलंय. वाऱ्यावर फडफडणारं कव्हरही धुळीच्या गाडीवर घातलं तर दिवसभर घासतच असतं.

पाणी असेल तेव्हा आधी नुसतं पाणी मारून धूळ वाहू द्यायची, मग शाम्पू. दोन बादल्या, एक शाम्पूची आणि एक हातमोजा खळबळून घ्यायची. वरून खाली यायचं, चाकांचं कापड वेगळं. पाणी नसेल तेव्हाही उपाय आहे, आणि मला वाटतं सोलापूरला तोच परवडतो. रिन्सलेस वॉश नावाचं द्रव एका बादलीत थोडंसं टाकायचं. त्यात मायक्रोफायबरची, म्हणजे अगदी बारीक कृत्रिम तंतूंची, आठ-दहा कापडं भिजवायची. एक कापड, त्याची एक घडी, एक पुसणं, मग घडी उलटायची. वापरलेलं कापड बादलीत परत जात नाही. पंधरा लिटरमध्ये गाडी होते. मात्र चिखलानं माखलेल्या गाडीला हे करू नका.

बोअरचं पाणी असेल तर ऊन उतरल्यावर धुवा. मे महिन्यात काळ्या बॉनेटवर तळहात ठेवता येत नाही, तिथे थेंब बघता बघता आटतो आणि क्षारांचा पांढरा ठिपका मागे ठेवतो. वेळीच काढला नाही तर तो रंगात उतरतो.

सिरॅमिक कोटिंगबद्दल, म्हणजे क्लिअरकोटवर चढवायच्या पातळ संरक्षक थराबद्दल, सगळे विचारतात. त्यानं पाणी घसरतं, धूळ कमी चिकटते, धुणं सोपं होतं. पण जाहिरातीतल्या '९एच' कडकपणावर भाळू नका. तो आकडा पेन्सिलीचा आहे. ९एच म्हणजे त्या कडक पेन्सिलीनं चाचणीत ओरखडा पडला नाही, एवढंच. क्वार्ट्झच्या ७ शी त्याचं नातं नाही. वाळूला खरोखर अडवतं ते पीपीएफ, प्लास्टिकचं जाड पारदर्शक आवरण. त्याचा भाव ऐकून मी चहा मागवला.

(दृश्य: पुन्हा माग. बाहेर उभी काळी स्प्लेंडर.)

काकांना मायक्रोफायबर दाखवायला मी परत गेलो. त्यांनी कापड अंगठा आणि बोटांत धरून चोळलं, उजेडाकडे धरलं, उलटं केलं.

"सूत न्हाय ह्यात."

"नाही काका. पॉलिस्टर आणि पॉलिअमाइड. तंतू चिरलेले असतात, म्हणून धूळ आत ओढून घेतात."

"अन् हे विणलेलं बी न्हाय. निटिंग हाय हे." कापड तळहातावर तोललं. "जीएसएम किती? साडेतीनशे?"

जीएसएम म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम कापड. पाकिटावर ३५० च छापलं होतं.

बाहेर त्यांच्या स्प्लेंडरच्या टाकीवर मी टॉर्च मारला. पट्ट्याच्या बकलाच्या जागी ओरखड्यांचा पट्टा, बाकी सगळीकडे जाळं. काकांनी वाकून बघितलं, बराच वेळ. "हे तर कधी दिसलंच न्हाय की."

कापड तुम्हीच ठेवा म्हटलं. त्यांनी त्याची नीट चौकोनी घडी घातली, शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली. मालकाला दाखवतो म्हणाले, असलं आपल्या गावात का निघू नये. मग गाडीवर टांग टाकायच्या आधी खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि टाकी पुसली.