चाळिशीतली इस्ता आणि तिचा देव

फँटसीतली हिरोईन म्हटलं की सतरा-अठराची पोरगी आणि हातात तलवार, असंच डोळ्यासमोर येतं ना, पण आज मला इस्ताबद्दल बोलायचंय. अमेरिकन लेखिका लॉइस मॅकमास्टर बुजोल्डच्या 'पॅलाडिन ऑफ सोल्स'ची नायिका, २००३ ची कादंबरी, २००४ चा ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथा-फँटसीचा मोठा पुरस्कार, मिळालेली. इस्ता चाळीस वर्षांची, राजाची विधवा, मुलगा गेलेला, मुलगी राणी झालीय आणि ही मात्र वेडी म्हणून माहेरच्या किल्ल्यात सांभाळून ठेवलेली. ती वेडी नाहीये हो, तिला देव खरंच भेटलेत, आणि घराण्याचा शाप तोडायच्या नादात नवऱ्याचा जिवलग माणूस तिच्यासमोर मेलाय, ते ओझं ती वर्षानुवर्षं वाहतेय.

कादंबरीतल्या या जगामागे पंधराव्या शतकातला स्पेन आहे. कॅस्टिलच्या राणी इसाबेलाची आई अशीच विधवा, अशीच वेडी ठरवलेली, आरेव्हालोत राहिली आणि १४९६ मध्ये तिथेच वारली. बुजोल्डने काय केलं, तर अशाच एका बाईला किल्ल्याच्या दारातून बाहेर काढलं.

बाहेर पडायला निमित्त यात्रेचं. मनात भक्ती काडीची नाही, पण विधवेला घराबाहेर पडायला दुसरं कारण कोण देतंय, हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको, आपल्याकडच्या किती बायका काशीला अशाच निघाल्या असतील. देवांवर ती नुसती चिडलेली आहे, तोंडावर सुनावते त्यांना. मला तीच तिची श्रद्धा वाटते, जनाबाई विठ्ठलाला शिव्या घालते तेव्हा ती नास्तिक थोडीच असते.

आणि तिच्या वाट्याला येतो कोण, तर तिच्या जगातल्या पाच देवांपैकी बास्टर्ड, जे अवेळी घडतं, जे कुठल्याच चौकटीत बसत नाही त्याचा देव, शेजारच्या रोकनारी राज्यांत तर त्याला देवच मानत नाहीत. तो स्वप्नात येऊन तिचं चुंबन घेतो आणि तिथून तिला आत्मे आणि राक्षस दिसायला लागतात! कृपा आणि वासना एकाच स्पर्शात, हे लिहायला केवढी हिंमत लागते.

पुढे पोरिफोर्सच्या किल्ल्यात तिला तिथला किल्लेदार आर्हीस आवडतो, आणि कळतं की तो आधीच मेलाय, त्याची तरुण बायको कॅटिलारा राक्षसाच्या मदतीने, दिराचा जीव ओतून ओतून त्याला चालता-बोलता ठेवतेय. कॅटिलाराचं प्रेम खोटं नाही, मला तिचा रागही येत नाही, पण त्या प्रेमाने दोन पुरुष अर्धे मेलेत. दुसरीकडे रोकनारी शत्रूची राजमाता जोएन, वारसा, धर्म, कर्तव्य सगळं तिच्या बाजूने, आणि त्याच नावाखाली स्वतःच्या मुलाच्या अंगातल्या राक्षसाचा दोर तिच्या मुठीत. एकीला इच्छा सोडवत नाही, एकीला कर्तव्य. इस्ताला मात्र सोडावं लागतं, आवडलेल्या आर्हीसला शेवटच्या लढाईवर, म्हणजे दुसऱ्यांदा मरायला जाऊ द्यावं लागतं, आणि त्या देवाला हो म्हणावं लागतं ज्याच्यावर तिचा काडीचा भरवसा नव्हता.

बरं, त्यागाची मूर्ती करून तिला देव्हाऱ्यात बसवलेलं नाही, हे मला फार आवडतं. आर्हीसचा तोच भाऊ, ज्याचा जीव कॅटिलारा ओतत होती तो इल्विन, तिला मिळतो, चाळिशीत, उघडपणे, कुणाची माफी न मागता. आणि कामही मिळतं, सुटलेले राक्षस पकडून देवाकडे परत पाठवायचं, म्हणजे आता रस्त्यावरच राहायचं, आणि यावेळी कुणाला यात्रेचं निमित्त सांगायची गरज नाही.