प्लगचा रंग: बडोद्याचा २०२३ चा उन्हाळा आणि आमची तीनचाकी बादल

(प्लग हातात, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ)

हा स्पार्क प्लग बघा. टोकाला चहासारखा तपकिरी रंग दिसतोय ना? टू-स्ट्रोक इंजिनाची तब्येत बरी असली की प्लग असा निघतो. काळा आणि तेलकट निघाला, तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरा निघाला, तर कमी जातंय, आणि मग गाडी तिथेच उभी करायची, कारण पुढे पिस्टन पकडतो, म्हणजे तापून आतच जाम होतो.

२०२३ च्या उन्हाळ्यात मी हे तिन्ही रंग बघितले. गाडी तीच, हवेत पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटरही तोच. बदलत होती ती हवा.

गाडी आता माझ्याकडे नाही. हा प्लग आहे आणि ही वही आहे. वहीत तारीख, हवा आणि प्लगचा रंग लिहिलाय, त्यावरूनच सांगते.

गाडीचं नाव बादल. सत्तरच्या दशकात बेंगळुरूच्या सनराइज कंपनीने बनवलेली, पुढे सिपानी नावाने ओळखली गेली तीच ही मंडळी. १९८ सीसीचं इंजिन, तेही मागे. बॉडी फायबरची. चाकं तीन, रिक्षासारखं एक पुढे आणि दोन मागे. युरोपात इसेटा, मेसरश्मिट अशा चिमुकल्या गाड्या आधीच आल्या होत्या, १९५६ च्या सुएझ संकटानंतर पेट्रोलची टंचाई झाली तेव्हा त्यांची मागणी आणखी वाढली, त्याच कुळातली ही आपली देशी मुलगी. आपल्या मराठी माणसानेही हा ध्यास घेतला होता बरं का. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी ‘मीरा’ नावाची छोटी गाडी स्वतः घडवली होती. ती कारखान्यातून हजारोंनी निघाली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

बादल नानाकाकांनी सेकंड हँड घेतलेली. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या चौकात ती कित्येक वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. काका गेल्यावर काकू म्हणाली, “तुझा जीव आहे तिच्यावर, तूच घे.”

जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसवर ‘२१ गन सॅल्यूट’चा जुन्या गाड्यांचा मोठा सोहळा झाला. राजेरजवाड्यांच्या गाड्या डोळे भरून बघितल्या, घरी आले आणि ताडपत्री काढली. आपल्याकडे २०२१ चा सरकारी नियम दुचाकी आणि चारचाकीलाच ‘व्हिंटेज’ म्हणतो, तेही पन्नास वर्षं झाल्यावर. तीन चाकांची आमची बादल ना दुचाकी, ना चारचाकी, म्हणून बाहेर. ही व्याख्या बदलायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

प्रतापनगरच्या एका उस्तादांनी महिनाभर खपून तिला उभी केली, आणि फेब्रुवारीत आम्ही रस्त्यावर आलो. १९०१ पासूनच्या नोंदींत, दिवसाच्या सरासरी कमाल तापमानात देशातला सगळ्यात गरम फेब्रुवारी तो! कीर्तिस्तंभापर्यंत छान गेली. कोठीजवळ मात्र गचके द्यायला लागली. प्लग काढला तर काळाकुट्ट.

आता हे नीट ऐका. गरम हवा विरळ असते. तेवढ्याच घोटात प्राणवायू कमी. आजच्या गाडीत सेन्सर असतो, तो पेट्रोल आपोआप कमी करतो. कार्बोरेटरला हे कळत नाही. त्याच्या जेटला, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या छोट्या नळीला, जेवढं भोक, साधारण तेवढं पेट्रोल तो देत राहतो. म्हणून मिश्रण घट्ट होतं, प्लग काळा पडतो. उस्तादांनी जेट एक नंबर बारीक केला आणि गाडी पुन्हा गुणगुणायला लागली.

आणि मार्चमध्ये मावठुं आलं! अवकाळी पाऊस हो, पण बडोद्यातल्या मराठी घरांत मावठुंच म्हणतात. गुजरातेत ठिकठिकाणी गारा पडल्या. एका संध्याकाळी एवढा गारवा आला की काकूने शाल काढली. मी त्याच बारीक जेटवर बादल बाहेर काढली. परत आल्यावर प्लग बघितला आणि पोटात गोळा आला. पांढरा!

गार हवा दाट, प्राणवायू जास्त, पेट्रोल तेवढंच. म्हणजे मिश्रण पातळ. टू-स्ट्रोकमध्ये वंगणाचं तेल पेट्रोलमधूनच जातं, त्यामुळे पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, आणि त्यात इंजिन जास्त तापतं. हवेत दमटपणा असला की वाफ थोडी जागा अडवते आणि उलट परिणाम होतो. म्हणजे दोन्हीकडून ओढाताण. उस्ताद म्हणाले, “बेन, हवा बदलाय एटले सेटिंग बदलवानुं.” म्हणजे हवा बदलली की सेटिंग बदलायचं. त्या दिवसापासून ही वही सुरू झाली.

एप्रिलअखेर पुन्हा पाऊस. तेव्हाची चूक माझी होती. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाचं रबर तडकलेलं मला दिसत होतं, ते मी बदललं नाही. गाडी अंगणात राहिली, वाऱ्याने पाणी आत गेलं. सकाळी चालू व्हायची आणि दोन मिनिटांत बंद. उस्तादांनी टाकीच्या तळाचं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उन्हात धरलं. दोन थर! वर तेलमिश्रित पेट्रोल, खाली पाण्यासारखा स्वच्छ थर. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते पाणी धरतं, आणि पाणी फार झालं की पेट्रोल सोडून पाण्याबरोबर तळाला बसतं. इंजिनाला पेट्रोल जातं तळातूनच, आणि त्या खालच्या थरात वंगण जवळजवळ नसतंच. तुमच्याकडे जुनी वेस्पा, लँब्रेटा असेल तर झाकणाचं रबर आजच बघा. उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करा.

(वहीचं पान दाखवते: २८ मे)

त्या रात्री अहमदाबादला आयपीएलची फायनल पावसाने धुतली गेली आणि दुसऱ्या दिवशी खेळवली. मी ताईला घेऊन स्टेशनवरून येत होते. कालाघोड्यापुढे, विश्वामित्रीच्या पुलावर आडवा वारा आला. बादल हलकी, फायबरची. तीन चाकांचा तळ त्रिकोणी, आणि पुढचं टोक निमुळतं. वळताना ब्रेक मारला की वजन त्या टोकाकडे जातं आणि गाडी कलंडू बघते. म्हणून मी ब्रेकला पाय लावला नाही. फक्त रेस सोडली, हँडल सरळ धरलं. ताईने माझा दंड घट्ट पकडलेला. खड्ड्याचंही तसंच बघा, चारचाकी खड्डा दोन चाकांच्या मधून सोडते, पण आमचं पुढचं चाक नेमकं त्यातच जातं. पूल संपला, कोठी आली, आणि ताई म्हणाली, “काका हिच्यातून मला शाळेत सोडायचे. तेव्हाही मी असाच दंड धरायचे.”

घरी आल्यावर गरम प्लग फडक्याने धरून काढला. तपकिरी. तोच हा.

पुढे जूनमध्ये बिपरजॉय चक्रीवादळ आलं, कच्छच्या किनाऱ्यावर. वहीतलं शेवटचं पान वाचते. “१५ जून. वादळ जखाऊला किनाऱ्यावर. इथे वारा खूप. बादल चौकात घेतली, टाकी रिकामी, नवं रबर बसवलं. काकू दोनदा उठून बघून आली.”