निवेदक बोलू लागला की बटण दाबायचे

(एका वाचनालयाच्या हिवाळी व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाशय, वाचनालयाचे पदाधिकारी आणि या थंडीत चहाची घोषणा होण्यापूर्वीच येऊन बसलेल्या श्रोतेहो,

निमंत्रणपत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचा विषय ‘परदेशातील लष्करी नभोवाणी : आठवणी आणि ध्वनिमुद्रणे’ असा छापलेला आहे. तो वाचून दोघातिघांनी मला फोन केला आणि मी सैन्यात कधी होतो, अशी चौकशी केली. मी सैन्यात कधीच नव्हतो. एनसीसीच्या शिबिरातूनसुद्धा ताप आल्याचे निमित्त करून तिसऱ्या दिवशी घरी परतलेला मी माणूस आहे. तरीही हा विषय माझा आहे असे मी म्हणतो, आणि तो तुमचाही आहे, कारण या सभागृहात ज्यांनी साठी ओलांडली आहे त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरात एका जुन्या लष्करी केंद्राचा आवाज वर्षानुवर्षे येत होता. ते म्हणजे आजच्या श्रीलंकेतले रेडिओ सिलोन; आपण त्याला नुसते ‘सिलोन’ म्हणत होतो.

१९४३ साली दोस्त राष्ट्रांनी आग्नेय आशियासाठी स्वतंत्र युद्धविभाग स्थापन केला आणि लॉर्ड माउंटबॅटन त्याचे सरसेनापती झाले. ‘साउथ ईस्ट एशिया कमांड’ या त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून ‘सिॲक’ हा शब्द तयार झाला. एप्रिल १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीहून सिलोनमधल्या कँडीला गेले. त्याच सुमारास ईशान्य सीमेवर जपानी फौजा इम्फाळ-कोहिमाच्या दारात उभ्या होत्या, आणि सांगशाकच्या टेकडीवर त्यांना अडवून धरणाऱ्यांत आपल्या मराठा पलटणीची चौथी तुकडी होती. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरची ही फौज स्वतःला ‘विसरलेली फौज’ म्हणवून घेत असे, कारण लंडनच्या वर्तमानपत्रांत युरोपातील लढाईलाच जागा मिळे आणि घरची पत्रे आठवडेच्या आठवडे रखडत. माउंटबॅटन यांना या दुखण्याची चांगली जाण होती. त्यांनी फ्रँक ओवेन या संपादकाच्या हाती सैनिकांसाठी एक दैनिक सोपवले, ते कोलकात्याच्या स्टेट्समनच्या छापखान्यात छापले जाई. त्याच्या जोडीला कोलंबोत सैनिकांसाठी नभोवाणी केंद्र उभे राहिले, तेच ‘रेडिओ सिॲक’.

कोलंबोच्या नभोवाणीचा सैन्याशी संबंध त्याहीपूर्वीचा आहे. १९२०च्या दशकात एडवर्ड हार्पर या इंग्रज अभियंत्याने तिथे पहिले प्रयोग केले, तेव्हा त्याने वापरलेले प्रक्षेपक यंत्र पकडलेल्या जर्मन पाणबुडीतील सुट्या भागांपासून जुळवलेले होते. पाणबुडीच्या यंत्रातून ग्रामोफोनची गाणी वाजवणारा माणूस मला भेटला असता, तर मी त्याच्या पाया पडलो असतो.

रेडिओ सिॲकची खरी गंमत अशी की आरंभी त्याच्याकडे साडेसात किलोवॉटचे लहानसे यंत्र होते, आणि कोलंबोच्या उत्तरेस एकला येथे १०० किलोवॉटचा लघुलहरी (शॉर्टवेव्ह) प्रक्षेपक सुरू झाला तो १९४६ मध्ये, म्हणजे ज्या युद्धासाठी तो मागवला होता ते संपल्यानंतर. आपल्याकडे उद्घाटनाच्या दुसऱ्या वर्षी पूल वाहून जातो, त्यांच्याकडे युद्ध संपल्यावर यंत्र येते; सरकारी खाती सगळीकडे सारखीच. परंतु यंत्र निरुपयोगी मात्र ठरले नाही. लढाई संपलेला आणि घरी जाण्यासाठी जहाजाची वाट पाहणारा सैनिक हा लढणाऱ्या सैनिकापेक्षा सांभाळायला अवघड असतो. जानेवारी १९४६ मध्ये ब्रिटिश हवाईदलाच्या शिपायांनीच कराचीपासून सिलोनपर्यंत काम बंद पाडले होते, ते याच ताटकळण्याला कंटाळून. पुढच्याच महिन्यात मुंबईत नाविकांचा उठाव झाला, त्यामागची कारणे फार वेगळी आणि फार मोठी होती. पण तो ज्या ‘तलवार’ तळावर पेटला तिथे बिनतारी संदेशवहनाचे शिक्षण दिले जात असे, हे नभोवाणीच्या माणसाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. अशा दिवसांत कोलंबोहून गाणी, बातम्या आणि विनोद ऐकवणारी तरुण मुले गणवेशातलीच होती. पुढे बीबीसीवर नामवंत झालेले डेव्हिड जेकब्ज त्यांच्यापैकीच एक. ते रेडिओ सिॲकचे प्रमुख निवेदक होते.

आमच्या गावातले सुभेदार ब्रह्मदेशातून १९४६ मध्ये परतले. आम्ही मुले त्यांना आबा म्हणत असू. मी त्यांना लढाईविषयी विचारले की ते तंबाखू मळत बसत आणि विषय पावसाकडे नेत. रेडिओविषयी मात्र न विचारता बोलत. परतीच्या छावणीत बांबूवर कर्णा बांधलेला होता आणि संध्याकाळी त्यातून इंग्रजी गाणी लागत. गाण्यांतले आपल्याला ओ की ठो कळत नव्हते, हे ते मोकळेपणाने सांगत. “पण मधे तो गडी नावं वाचायचा बघ. अमक्या पलटणीचा अमका, त्याच्या बायकोनं हे गाणं सांगितलंय. मग सगळी गोरी पोरं गप व्हायची. आम्हीपण गप व्हायचो. आपलं नाव येणार नाही हे ठाऊक असायचं, तरी कान तिकडं.” आबांचे हे वाक्य मी अनेक व्याख्यानांत सांगितले आहे, आणि आजही सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही, कारण माझा सारा मुद्दा त्यातच आहे.

१९४९ मध्ये हे केंद्र सिलोन सरकारच्या स्वाधीन झाले आणि त्याचे रेडिओ सिलोन झाले. यंत्र तेच राहिले. लघुलहरींचा स्वभाव असा असतो की त्या वर जाऊन आकाशातल्या थरावर आपटतात आणि दूर कुठेतरी खाली उतरतात. त्यामुळे केंद्राच्या शेजारच्या गावात खरखर ऐकू येते आणि दीड हजार किलोमीटरवरच्या पुण्या-साताऱ्यात आवाज खणखणीत येतो. हिंदुस्थानापासून मलायापर्यंत विखुरलेल्या छावण्यांना गाठण्यासाठी केलेली ही योजना होती. छावण्या उठल्या, लहरी मात्र पूर्वीसारख्याच येत राहिल्या आणि त्यांच्या वाटेत आता आपण होतो. छपराखाली ताणलेली तांब्याच्या जाळीची एरियल, हिरवा डोळा मिचकावणारा मर्फी रेडिओ आणि पंचवीस मीटरच्या पट्ट्यावर काटा केसभर सरकवताना घरातल्या सर्वांनी धरलेला श्वास, हे मी या सभागृहात नव्याने सांगण्याची गरज नाही.

त्यातच पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली नभोवाणीमंत्री झाले. (त्यांचे कोणी नातेवाईक आज उपस्थित असतील तर त्यांनी पुढची दोन वाक्ये मनाला लावून घेऊ नयेत.) केसकरांना शास्त्रीय संगीताची कळकळ होती आणि चित्रपटगीतांचे वावडे होते. आकाशवाणीवरची चित्रपटगीते आधी आटली, मग निर्मात्यांशी बिनसले, आणि श्रोते काटा फिरवून कोलंबोला गेले. त्याच वर्षी ३ डिसेंबरला तिथून बिनाका या टूथपेस्टची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. निवेदक अमीन सायानी मुंबईत बोलत, ध्वनिफीत विमानाने कोलंबोला जाई, आणि बुधवारी रात्री आठ वाजता त्यांचा आवाज समुद्र ओलांडून पुन्हा मुंबईत येई. कुलाब्यातला माणूस गिरगावातल्या माणसाशी लंकेमार्गे बोलत होता. पाच वर्षांनी आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली, आणि तिथे फौजी भाइयों के लिए ‘जयमाला’ सुरू झाली. सैनिकांच्या फर्माइशीचा कार्यक्रम असा सैन्याच्या केंद्रापासून निघून, कोलंबोचा वळसा घेऊन पुन्हा सैनिकांकडे आला, असे मी मानतो. हे माझे मत आहे, आणि प्राध्यापक मंडळींनी ते चहाच्या वेळी खोडून काढावे.

आता ध्वनिमुद्रणांकडे येतो, आणि इथे मला एक तक्रार सांगायची आहे. १९७८ साली आखातात नोकरीला असलेल्या मामाने मला कॅसेट रेकॉर्डर आणून दिला. त्याला एक ‘पॉज’चे बटण होते. रोज सकाळी सिलोन लावून, तर्जनी त्या बटणावर ठेवून मी बसत असे. गाणे संपून निवेदक बोलू लागला की बटण दाबायचे, पुढच्या गाण्याचा पहिला सूर आला की सोडायचे. या कौशल्याचा मला इतका अभिमान होता की माझ्या कॅसेटमध्ये निवेदकाचा एक शब्दही नाही, असे मी मित्रांना छातीठोकपणे सांगत असे. सभागृहात असे कितीजण आहेत? हात वर करा. बघा, निम्मे सभागृह गुन्हेगार आहे. आमच्या त्रेचाळीस कॅसेटमध्ये जे आहे ते आज नातवाच्या फोनवर अधिक स्वच्छ ऐकू येते, आणि जे आम्ही कापले ते बहुतेक कुठेच नाही.

त्या त्रेचाळिसांत एक कॅसेट निराळी आहे. एका रविवारी मी आंघोळीला गेलो असताना धाकट्या भावाने रेकॉर्डिंगची कळ दाबली आणि तो खेळायला पळाला. पंचेचाळीस मिनिटांची अख्खी बाजू भरली. जुन्या चित्रपटगीतांच्या कार्यक्रमाचा शेवट, आठच्या आधी ठरलेले सैगलचे गाणे, मग ‘आप ही के गीत’, निवेदकाचा आवाज, गावांची आणि श्रोत्यांची नावे, खरखर, आमच्या कुकरच्या तीन शिट्ट्या. त्या दिवशी मी भावाला मारले होते.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेने जुनी ध्वनिमुद्रणे जतन करण्यासाठी आवाहन केले. संस्थेचे नाव मी घेणार नाही. माणसे सज्जन होती आणि त्यांचा हेतू चांगला होता, म्हणूनच तक्रार करणे अधिक अवघड आहे. मी त्यांना या कॅसेटची प्रत नेऊन दिली, सोबत चार पानांचे टिपण जोडले. पाच महिन्यांनी मोठ्या आस्थेने बांधलेले पुडके घरी आले. त्यात एक चकचकीत सीडी होती आणि पत्रात लिहिले होते की ‘मूळ ध्वनिमुद्रणातील खरखर, घरगुती आवाज आणि अनावश्यक निवेदन काढून गाणी शुद्ध स्वरूपात जतन केली आहेत.’ अनावश्यक निवेदन! मी दोन वेळा पत्र वाचले आणि मग सौभाग्यवतींना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, “तुम्हीही आयुष्यभर तेच केलंत की.” या वाक्यानंतर माझी तक्रार खरे तर संपायला हवी होती, पण मी ती गेली सहा वर्षे प्रत्येक व्याख्यानात सांगतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. ‘दहा मिनिटे’ असे त्यावर लिहिले होते, ते खोडून ‘पाच’ केलेले दिसते. तेव्हा पत्रिकेत कबूल केलेला विषय आता धावतच सांगतो.

लष्करी नभोवाणीची मुद्रणे मोठ्या संख्येने झाली, पण कापून आणि गाळून. अमेरिकेने मे १९४२ मध्ये सैनिकांसाठी नभोवाणी सेवा काढली आणि लॉस एंजेलिसहून सोळा इंची तबकड्या जगभरच्या छावण्यांना पाठवल्या. त्यांवर चढवण्यापूर्वी नेहमीच्या व्यापारी कार्यक्रमांतून जाहिराती काढून टाकल्या जात. तिकडे सैन्यासाठी जाहिराती कापल्या गेल्या आणि इकडे सैन्याच्याच यंत्रावर दंतमंजन घरोघर पोहोचले. १९४३ ते १९४९ या काळात तिथल्या सैन्याने ‘व्ही-डिस्क’ नावाच्या बारा इंची तबकड्या काढल्या. त्या विनाइलच्या होत्या, कारण नेहमीच्या तबकड्यांना लागणारी लाख आपल्या भागातून जाई आणि युद्धामुळे ती दुर्मीळ झाली होती. त्यावेळी वादकांच्या संघटनेचा ध्वनिमुद्रणावर बहिष्कार चालू होता. सैनिकांसाठी वाजवायला त्यांनी परवानगी दिली ती तबकड्या विकल्या जाणार नाहीत आणि काम झाल्यावर नष्ट होतील या अटीवर. त्याप्रमाणे मूळ साचे नष्ट केले गेले. उरल्या त्या पुष्कळशा सैनिकांनी पेटीत कपड्यांखाली दडवून घरी नेल्यामुळे, म्हणजे नियम मोडल्यामुळे. त्यांतल्या कित्येक तबकड्यांवर वाजवण्यापूर्वी वादक स्वतः सैनिकांना उद्देशून दोन शब्द बोलतो, आणि संग्राहक आज त्या दोन शब्दांसाठी पैसे मोजतात.

रोजच्या थेट प्रक्षेपणाला मात्र असे चोरही लाभले नाहीत. निवेदक बोलला आणि ते हवेत गेले. म्हणून माझे म्हणणे एवढेच, की घरातल्या जुन्या कॅसेट संगणकावर चढवताना त्या आधी जशाच्या तशा चढवा, कुत्रा भुंकत असेल तर भुंकू द्या, आणि स्वच्छ प्रत हवीच असेल तर ती वेगळी करा. लेबलवर गाण्याच्या आधी तारीख, गाव आणि मीटर लिहा. आणि घरात ऐंशी-नव्वदीचे कोणी असतील तर त्यांना आवडते गाणे कोणते हे विचारू नका, ते सगळ्यांचे तेच असते. रेडिओ कुठे ठेवलेला असे आणि त्याला हात लावायची परवानगी कोणाला होती, हे विचारा आणि फोनवर मुद्रित करा. आबांचे मी केले नाही. त्यांचे ते वाक्य मी माझ्या आवाजात सांगतो, म्हणजे ते कितपत त्यांचे उरले आहे देव जाणे.

दुसरी चिठ्ठी आली आहे, ती मी वाचत नाही. मूळ कॅसेट सोबत आणली आहे, शेवटचा एक मिनिट ऐकवतो आणि बसतो. थोडे पुढे सरकून ऐका. ही खरखर लहरींची आहे, आपल्या ध्वनिक्षेपकाची नव्हे. हा निवेदक. आता ‘दूध बघ रे’ असे ऐकू येईल, ती आमची आई. हसा, हरकत नाही. आता गावे ऐका : फर्माइशींसाठी गाजलेले झुमरीतलैया आहेच, ते नसते तर कॅसेट नकली ठरली असती. मग अमळनेर. मग खामगावहून... आणि इथे फीत संपते. खामगावचे कोण, ते मला अजून कळलेले नाही. या सभागृहात खामगावचे कोणी असेल तर त्यांनी बाहेर चहाच्या टेबलापाशी मला जरूर भेटावे.