दारापाशी बसणारा पोरगा

श्रोते हो, नमस्कार.

नवापूर तालुक्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत मी रविवार शाळा घेतो. यंदा पावसाळ्यात एक पोरगा बायबलमधलं तेविसावं स्तोत्र म्हणता म्हणता ‘तुझी आकडी व तुझी काठी’पाशी अडला. तिसऱ्यांदा अडला तेव्हा मी त्याच्या पोटरीवर निंबाचा फोक ओढला. पुढच्या रविवारी फळा पुसायला हात वर केला, तर त्यानं दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.

छडी आवरणारा बाप मुलाचा वैरी, हे बायबलच्या नीतिसूत्रांतलं वचन आपल्या घराघरांत पाठ आहे. तिथल्या छडीला आणि स्तोत्रातल्या आकडी-काठीच्या जोडीतल्या एकीला मूळ हिब्रूत शब्द एकच, शेबेट, मेंढपाळाची काठी. साक्रीकडचे ठेलारी आमच्या शिवारातून मेंढ्या घेऊन जातात, तेव्हा ती काठी डोळ्यांनी दिसते. आडवी धरून कळप वळवायचा, काट्यात अडकलेलं कोकरू हलकेच ओढून घ्यायचं, लांडगा आला तर तीच उगारायची.

पण एवढ्यावर सुटका नाही. नीतिसूत्रांच्याच तेविसाव्या अध्यायात मुलाला छडीनं मारण्याचीच भाषा आहे, ती झाकून ठेवणं मला पटत नाही. मात्र हट्टी मुलाला दगडमार करावा, असंही जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात लिहिलंय. ते आपण कुणी पाळतो का? ख्रिस्ती माणसानं जुना करार प्रभूकडे बघत वाचायचा, आणि प्रभूनं बालकांना जवळ घेतलं, हाकलणाऱ्या शिष्यांवर तो रागावला.

नव्या करारातलं प्रेषित पौलाचं पत्र बघा. रोमी कायद्यात बापाला मुलाच्या जिवावरही हक्क होता. त्या काळात तो लिहितो, ‘बापांनो, तुम्ही आपल्या मुलांना चिरडीस आणू नका.’ मुलांना आज्ञा पाळायला सांगून तो थांबत नाही, बापाचाही हात धरतो.

ज्या स्वीडनहून आपल्या नंदुरबार भागात मिशनरी आले, त्या देशानं १९७९ साली आईबापांनीही मुलांना मारायला बंदी केली. असा कायदा करणारा तो जगातला पहिला देश. आपल्याकडे मुलांना मारायला मनाई करणारं २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ आहे, पण ते शाळेपुरतं. घरातला फोक आपणच खाली ठेवायचा आहे, बाबांनो.

मी त्या पोराची सगळ्या वर्गासमोर माफी मागितली. तो खाली बघत राहिला. पूर्वी पहिल्या चटईवर बसायचा. अजून दारापाशीच बसतो.