गोठवलेल्या मांसातील जिवाणू

श्रोतेहो, नमस्कार. मांस फ्रीझरमध्ये ठेवले की त्यातील जंतू मरतात, असा समज पुष्कळ घरांत आहे. प्रत्यक्षात उणे 18 अंश सेल्सिअसला जिवाणूंची वाढ थांबते एवढेच. त्यांतले काही मरतात, पण साल्मोनेला, लिस्टेरिया, ई. कोलाय यांसारखे बरेचसे तग धरतात आणि मांस वितळू लागले की पुन्हा वाढू शकतात.

1993 साली अमेरिकेत, मुख्यतः वॉशिंग्टन राज्यात, ‘जॅक इन द बॉक्स’ या उपाहारगृहांतील हॅम्बर्गरमुळे सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार बालके दगावली. गोमांसाच्या खिम्याच्या त्या टिक्क्या गोठवूनच आल्या होत्या, त्यांतले ई. कोलाय गारठ्यात टिकून राहिले आणि अर्धवट भाजण्यातूनही वाचले. मांसाच्या अखंड तुकड्यावर जिवाणू बहुधा पृष्ठभागावरच असतात. खिमा करताना मात्र ते आतपर्यंत मिसळतात आणि एका जनावराचा दोष अनेकांच्या मांसात जातो. पुढे 1997 मध्ये नेब्रास्कातील ‘हडसन फूड्स’च्या कारखान्याला सुमारे 1 कोटी 13 लाख किलो गोठवलेला खिमा परत मागवावा लागला, कारण आदल्या दिवशी उरलेले मांस दुसऱ्या दिवशीच्या घाण्यात मिसळण्याची तेथे पद्धत होती आणि त्यामुळे दूषित माल नेमका कोठे संपतो हे सांगता येईना. आजारी पडलेले लोक मोजकेच होते, हेही लक्षात घ्यावे.

आपल्याकडेही आता गोठवलेले कबाब आणि नगेट्स सर्रास मिळतात. त्यांतले काही वरून तळलेले दिसले तरी आतून कच्चे असतात, म्हणून पाकिटावरची सूचना वाचावी. खिमा आतपर्यंत किमान 71 अंश आणि कोंबडी 74 अंश तापायला हवी. रंगावरून याचा अंदाज फसतो. गोठवलेले मांस ओट्यावर रात्रभर ठेवू नये, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात खोलगट भांड्यात वितळू द्यावे, म्हणजे त्याचे पाणी कोशिंबिरीवर ठिबकणार नाही. कच्ची कोंबडी नळाखाली धुण्याची आपली सवय तर सोडलेलीच बरी, कारण उडालेल्या शिंतोड्यांबरोबर जिवाणू भांड्यांवर जातात.

वीज गेली तर फ्रीझरचे दार उघडू नये. गच्च भरलेला फ्रीझर साधारण 48 तास गारठा धरतो. मांसात बर्फाचे कण अजून असतील तर ते पुन्हा गोठवता येते. पूर्ण वितळून दोन तासांहून अधिक काळ उबेत राहिलेले मांस मात्र वास येत नसला तरी टाकून द्यावे, कारण आजार आणणारे हे जिवाणू बहुधा वास सोडत नाहीत.