बिस्किट कलरचा स्वेटर

नमस्कार मंडळी! काल लोखंडी कपाट उघडलं, डांबर गोळ्यांचा तो वास आला आणि म्हटलं चला, थंडी आली. तर आज पुरुषमंडळींशी बोलायचंय, स्वेटरबद्दल. एकच, साधा, बिस्किट कलरचा नाहीतर राखाडी, नक्षीबिक्षी काही नाही, छातीवर हरीण तर अजिबात नको.

आपल्याकडची थंडी कशी आहे बघा, पहाटे निफाडला पारा ५-६ वर आला म्हणून बातमी येते, पुण्यात १०-११, आणि दुपारी १ वाजता त्याच पुण्यात २८-२९ डिग्रीत घाम पुसत आपण उसाचा रस पितो. म्हणजे आपला स्वेटर निम्मा वेळ अंगात आणि निम्मा वेळ हातात नाहीतर गाडीच्या डिकीत. म्हणून जाडजूड घेऊच नका, पातळ विणीचा घ्या, आणि आत काय घातलंय ते आधी बघा, कारण दुपारी तेच दिसणारे. आत भोकाचा बनियन असला की माणूस घामाघूम होतो पण स्वेटर काढत नाही, पाहिलेत असे!

ऑफिसला व्ही गळा बरा पडतो, आत फिकट निळा नाहीतर पांढरा शर्ट, कॉलरची टोकं स्वेटरच्या आत, खाली नेव्ही ब्लू पँट. गोल गळा असेल तर आत साधा टीशर्ट, खाली जीन्स, झालं, शनिवारी मिसळ खायला तयार. खांद्याची शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर यायला हवी आणि खालची पट्टी, ती एक सुलट एक उलट विणीची असते ना, ती बेल्टच्या जरा खाली. त्याहून लांब झाला की मोठ्या भावाचा घातल्यासारखा दिसतो.

आता सवाई, म्हणजे पुण्याचा सवाई गंधर्व शास्त्रीय संगीत महोत्सव. १९५३ पासूनचा हा महोत्सव, पूर्वी रात्रभर चालायचा, तेव्हा लोक शाली, कानटोप्या, थर्मास असा सगळा संसार घेऊन यायचे. डिसेंबरात संध्याकाळी मांडवात शिरताना उकडतं आणि ख्याल रंगात येईपर्यंत पाय गार पडतात. तिथे मी खादीचा कुर्ता, त्यावर बिनबाह्यांचा क्रीम स्वेटर आणि खांद्यावर शाल असा जातो. आमचे आजोबा धोतरावर असाच स्वेटर घालायचे, आत्याने विणलेला, ठिगळ लावलेला, तेव्हा आम्हाला हसू यायचं, आता तीच स्टाईल म्हणून मिरवतो!

लग्नाचं म्हणाल तर लॉनवरचं रात्रीचं रिसेप्शन, तिथे ब्लेझरच्या आत पातळ राखाडी स्वेटर घाला, टाय नसला तरी चालतं आणि आईस्क्रीमच्या काउंटरपाशी कुडकुडायला होत नाही.

कुठून घ्यायचा? दिवाळीच्या आसपास गावोगावी तिबेटी लोकांचे स्टॉल लागतात, माल बराचसा लुधियानाचा, पण लेबल वाचा हं. ॲक्रिलिक स्वस्त आणि धुवायला सोपं, पण अंधारात काढताना चटचट ठिणग्या उडतात आणि काखेत लवकर गोळे येतात. लोकर महाग, पण ऊब खरी. आणि हँगरला टांगू नका कुठलाच, खांद्याला उंटासारखी मदार येते, घडी घालून ठेवा.

धुताना मात्र लोकरीला गार पाणी, हलक्या हाताने, पिळायचं नाही, टॉवेलवर पसरून सावलीत. हे मला कोणी सांगितलं नव्हतं अशातला भाग नाही, बायकोने दोनदा सांगितलं होतं. मी माझा चांगला बिस्किट कलरचा गरम पाण्यात मशीनला लावला, बाहेर आला तो घोंगडीसारखा घट्ट आणि वीतभर लहान. सध्या तो आमचा आठ वर्षांचा भाचा घालतो, आत निळा शर्ट, कॉलर आत, अगदी मी सांगितलं तस्सं.