झालरीच्या टोकाशी

[दृश्य: पॅथॉलॉजी प्रयोगशाळा. फॉर्मालिनच्या डब्यातून बाहेर काढलेला नमुना.]

ही गर्भनलिका. लांबी 10 ते 12 सेंटिमीटर, एक टोक गर्भाशयात. दुसरं मोकळं टोक बीजांडकोषाशी झालरीसारखं पसरलेलं. सुटलेलं बीज हीच झालर टिपून घेते. 1561 साली इटलीच्या गाब्रिएले फालोपिओ यांनी तिचं वर्णन केलं आणि तिला तुतारीची उपमा दिली. पण बायकांच्या कर्करोगाचा विषय निघाला की बोललं जातं ते पिशवीबद्दल, नाहीतर ओव्हरीबद्दल, म्हणजे बीजांडकोषाबद्दल. नळी बिचारी मधल्या मध्ये राहते.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी-जांभळी काचपट्टी.]

इथे नीट बघा. या पेशी एकमेकींना चिकटून ग्रंथींसारख्या रचना करतायत. हा कार्सिनोमा, म्हणजे अस्तराच्या पेशींचा कर्करोग. आता काचपट्टी जराशी सरकवूया. लांबट, चातीच्या आकाराच्या पेशी, सुट्यासुट्या पसरलेल्या. हा सार्कोमा, म्हणजे हाड-स्नायूंसारख्या आधार देणाऱ्या ऊतींचा कर्करोग. कधीकधी तर इथेच कूर्चा, म्हणजे लवचीक मऊ हाड, दिसते, स्नायूंचे धागे दिसतात. गर्भनलिकेत कूर्चा कुठून आली? नमुन्यावरचं लेबल पुन्हा तपासावंसं वाटतं.

एकाच गाठीत ही दोन रूपं. नाव कार्सिनोसार्कोमा, जुनं नाव मिश्र म्युलेरियन गाठ. गर्भाशयात, बीजांडकोषातही ती होते. नळीत मात्र अतिशय दुर्मीळ.

पूर्वी एक तर्क असा होता की दोन वेगळ्या गाठी शेजारी वाढून एकमेकींत मिसळल्या असाव्यात. जनुकीय तपासणी आली आणि उलगडा झाला. बहुतेक वेळा दोन्ही भागांत जनुकातला तोच बिघाड सापडतो. म्हणजे मूळ एकच; अस्तराची पेशीच पुढे रूप पालटते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लाटिन ही केमोथेरपी सहसा देतात, जी बीजांडकोषाच्या कार्सिनोमालाही देतात.

[दृश्य: दवाखान्याबाहेरचा बाक.]

हा आजार बहुधा पाळी गेल्यानंतरच्या वयात होतो. "अंगावरून पाणी जातंय," असं बाई सांगते, तेही सुनेला किंवा बहिणीला, हळू आवाजात. ओटीपोटात कळ येते, एकदम पाणी जातं, कळ थांबते. नळीत साठलेलं पाणी गर्भाशयावाटे बाहेर पडलेलं असतं. सगळ्यांनाच असं होत नाही. काहींचं नुसतं पोट फुगतं, काहींच्या अंगावर रक्त दिसतं. पाळी गेल्यावर यातलं काहीही झालं तर वयाचं कारण सांगून घरी बसू नका. पॅप तपासणी चांगली आली म्हणूनही थांबू नका. ती तपासणी गर्भाशयाच्या मुखाची असते, नळीची नसते.

[दृश्य: पुन्हा प्रयोगशाळा.]

पूर्वी नळीचे एक-दोन काप बघितले जायचे, उरलेली डब्यातच राहायची. 2001 मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी आनुवंशिक धोका असलेल्या स्त्रियांच्या नळ्या तपासल्या. ओव्हरी निरोगी दिसत होती, तरी नळीच्या अस्तरात पेशी बिघडू लागल्या होत्या. पुढे कळलं की ओव्हरीचे म्हणून नोंदवलेले कितीतरी कर्करोग या झालरीतूनच सुरू होतात. 2014 मध्ये तर नळी, बीजांडकोष आणि उदरपटल (पोटाच्या आतलं पातळ अस्तर) यांच्या कर्करोगांचे टप्पे ठरवण्याची पद्धतच एक झाली.

आता आनुवंशिक धोका असलेल्या बाईची नळी टेबलावर आली की आधी झालर वेगळी करतात. तिचे उभे काप. उरलेल्या नळीचे 2 ते 3 मिलिमीटरवर आडवे काप. आणि सगळेच्या सगळे काप सूक्ष्मदर्शकाखाली जातात.